माटुंग्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर

मुंबईत लग्न निघालं की आम्हा कराडकरांपुढे पहिला प्रश्न येतो तो उतरायचं कुठं याचा. नातेवाइकांची घरं लहान आणि लग्नघरात आधीच माणसांची दाटी. लॉजवर यायला आई तयार नसते. हॉटेलात चौघांना दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि तरी सकाळचा चहा आपल्या हातचा मिळत नाही. या मे महिन्यात भाचीचं लग्न दादरला होतं. बायकोनं मोबाइलवर शोधाशोध करून माटुंग्यात, किंग्ज सर्कलपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एक जुना फ्लॅट धरला. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, पुढे गोल गॅलरी. रात्रीचे सात हजार रुपये, साफसफाईचे आठशे वेगळे. आम्ही दोघं, आई आणि बारावी झालेली मुलगी असे राहिलो. मुंबईत कुटुंबासह उतरायचं असेल त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय.

जाहिरातीत ‘व्हिंटेज’ असं लिहिलं होतं. माझा धंदा वायरमनचा. कराड, पाटण, वाई भागातल्या जुन्या वाड्यांचं वायरिंग काढून नवं टाकायची कामं मी घेतो. त्यामुळे जुनं घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं ठरलं की लोक काय करतात ते रोज बघतो. पितळी कंदील टांगतात, भिंतीला गेरूचा रंग देतात, आजोबांचे फोटो फ्रेम करून लावतात आणि वायर मात्र पन्नास वर्षांपूर्वीची तशीच ठेवतात. जाहिरातीच्या फोटोत वायर दिसत नाही. मग पाहुणे येतात, आणि एसी, गिझर, इस्त्री, सगळ्यांचे चार्जर, सगळा भार त्या वायरवर पडतो. म्हणून चपला काढल्यावर माझी नजर गेली ती थेट बोर्डाकडे.

दारामागे सागवानी बोर्ड आहे. त्यावर काळ्या बेकलाइटची गोल बटणं, दांडी खाली ओढली की ‘खट्ट’ असा भरीव आवाज करणारी. बोर्डापासून छतापर्यंत आणि छतावरून पंख्याच्या हुकापर्यंत लाकडी केसिंग-कॅपिंग गेलंय. सागाच्या पट्ट्या, कोपऱ्यात तिरक्या कापून अशा जोडल्यात की सांध्यात नख जात नाही. हे काम करणारे हात आता आमच्या लाइनीत सापडत नाहीत. पूर्वी या पट्टीच्या आत रबराच्या इन्सुलेशनची, वरून सुती वीण असलेली वायर असायची. वर्षं सरली की ते रबर कडक होतं, वाकवलं की त्याच्या कण्या पडतात आणि तांबं उघडं पडतं. भोवती कोरडं लाकूड. काळजीचं कारण हेच.

शेजारच्याच फ्लॅटमध्ये मालकीणबाई राहतात. सत्तरीच्या पुढच्या तमिळ बाई, सगळी इमारत त्यांना मामी म्हणते, आम्हीही मामीच म्हणायला लागलो. मी विचारलं, “मामी, आतली वायर कधी बदललीत?” त्यांनी फाइलच आणून माझ्या हातात दिली. त्यात कंत्राटदाराचं बिल, कुठल्या खोलीला कुठली लाइन त्याचा हातानं काढलेला नकाशा, सगळं होतं. जुन्या पट्ट्यांची झाकणं एकेक करून उघडून, आतली वायर पूर्ण काढून, नवी तांब्याची वायर त्याच खोबणीत टाकली आणि झाकणं परत बसवली. जिथं पट्टी किडली होती तिथं त्याच मापाची नवी सागाची पट्टी करून घेतली. गिझर आणि एसीची लाइन मीटरपासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची. जुनी बटणं फक्त दिव्यांना आणि पंख्यांना ठेवलीत. जिथं जोराचा करंट लागतो तिथली सॉकेटं नवी आहेत. स्वयंपाकघराच्या दारामागे नवा डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी; भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, म्हणजे एमसीबी, प्रत्येक खोलीला वेगळी, आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं जमिनीत गळली की लाइन तोडणारं यंत्र.

कागदावर लिहिलेलं मी धरून चालत नाही. मामींची परवानगी घेऊन टेस्ट लॅम्प काढला. चाळीस वॅटचा साधा बल्ब, होल्डरला दोन वायरी. एक टोक सॉकेटच्या फेजला, दुसरं अर्थिंगच्या भोकात. ‘खट्’ झालं आणि घरातला पंखा थांबला. आरसीसीबी पडली होती. चाळीस वॅटचा बल्ब पाव अँपिअरसुद्धा ओढत नाही, तरी तेवढ्यानं पडली म्हणजे अर्थिंग जागेवर आहे आणि यंत्रही जागं आहे. अर्थिंग नुसतं नावाला असतं तर बल्ब पेटला नसता आणि काही पडलंही नसतं. प्रत्येक खोलीत एकेक सॉकेट असं बघितलं, मुलगी दर वेळी डीबीपाशी जाऊन खटका वर करत होती. सगळीकडे एकच निकाल. (हे तुम्ही कुणी करू नका. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबून बघितलं तरी यंत्र चालू आहे एवढं कळतं.) मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “हे गेल्यावर घर भाड्यानं द्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला खर्च याच्यावरच केला, भाऊ. लोकांची लहान मुलं येतात.” सोफे नंतर आले, परदे नंतर आले. या बाईंबद्दल मला आदर वाटला तो तिथं.

एकच दोष सापडला. बाथरूमच्या गिझरचा प्लग वीस मिनिटांत हाताला चांगलाच गरम लागला. सॉकेटमागचा स्क्रू ढिला पडला की असं होतं; सांधा सैल, तिथं रोध वाढतो, उष्णता वाढते, प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. मामींना दाखवलं. संध्याकाळी आम्ही लग्नाच्या खरेदीहून परत यायच्या आत त्यांचा नेहमीचा वायरमन येऊन सॉकेट बदलून गेला होता, जुनं सॉकेट टेबलावर मला बघायला ठेवलं होतं. तक्रार केल्यावर इतक्या तातडीनं कुणी हलतं हे मी हॉटेलांतही बघितलेलं नाही.

वायरिंगवर एवढं लिहिलं कारण ते कुणी लिहीत नाही. आता घराबद्दल.

इमारतीच्या दर्शनी भागावर सिमेंटमध्ये १९३९ कोरलंय. तळमजला अधिक तीन. कोपऱ्याची गॅलरी गोलाकार वळलेली, प्रत्येक खिडकीवर बाहेर आलेला सलग छज्जा, जिन्याच्या खिडकीला उगवत्या सूर्याच्या किरणांची लोखंडी जाळी. ही आर्ट डेको पद्धत. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेच्या अशा इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, तिथं लोक मुद्दाम बघायला जातात. माटुंगा-दादरच्या गल्ल्यांतल्या इमारती त्याच काळातल्या, पण त्या यादीत नाहीत. मामींच्याच गल्लीत पुनर्विकासासाठी पत्रे ठोकलेले प्लॉट दिसले. पत्र्याच्या फटीतून मी आत डोकावलो, तर राडारोड्यात नक्षीदार लाद्यांचे तुकडे पडले होते. फार वाईट वाटलं.

या वस्तीची आखणी समजली की घर इतकं हवेशीर का ते कळतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, दाटीच्या चाळींत माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला, आणि त्यानं दादर-माटुंग्याचा हा भाग आखून वसवला. रुंद रस्ते, कडेला झाडं, मध्ये बागा, दोन इमारतींत मोकळी जागा. हवा आणि उजेड घरात शिरलाच पाहिजे, हा त्यामागचा हेतू. मे महिन्यातल्या भर दुपारी आम्ही हॉलमध्ये एसीशिवाय बसत होतो. छत अकरा फुटांच्या आसपास, गॅलरीचं दार आणि मागच्या खोलीची खिडकी समोरासमोर, प्रत्येक दाराच्या वर उघडझाप करता येणारी झडप. गरम हवा वर चढते आणि झडपेतून निघून जाते. छज्ज्यामुळे दुपारचं ऊन भिंतीवर पडतं पण आत येत नाही. झडपांच्या साखळ्या चालू आहेत, बिजागऱ्यांना तेल आहे. अशा घरांत झडपा बहुधा रंगानं चिकटवून टाकलेल्या असतात, म्हणून हे सांगतोय.

हॉलचा पंखा जुना, बिडाच्या अंगाचा, लांब दांडीला टांगलेला. भिंतीवर त्याचा पेटीएवढा रेग्युलेटर, पाच टप्प्यांचा. आत तारेची वेटोळी असतात, पंखा हळू केला की उरलेली वीज त्यात उष्णता होऊन जाते, म्हणजे बिलात फारशी बचत नाही. मामींना ते माहीत आहे. पण पंख्याचं बेअरिंग नवं आहे, पाती तोलून बसवलीत, आणि तीनवर ठेवला तरी सगळ्या खोलीत वारा फिरतो, आवाज अजिबात नाही. आई त्याच्याखाली लोळायची.

खाली लाद्या सिमेंटच्या, पिवळ्या-तांबड्या-काळ्या नक्षीच्या, प्रेसवर दाबून केलेल्या. रंगाचा थर वरच्या अंगाला चार-पाच मिलिमीटरच असतो, त्यामुळे ॲसिडनं धुतलं की ती लादी कायमची जाते. मामींकडे कामाला येणाऱ्या ताई साध्या पाण्यानं पुसतात, महिन्यातून एकदा पाण्यात खोबरेल तेलाचे थेंब टाकतात. चप्पल घालून घरात फिरायचं नाही, हा नियम दारावर लिहिलाय. आईला तो सगळ्यात आवडला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसून गवार निवडायची, लादीचा गारवा पायाला लागतो म्हणायची, आणि मामी दारातून डोकावल्या की दोघी तिथंच बसायच्या. एक कराडची शिक्षिका, एक माटुंग्याची बँकेतून निवृत्त झालेली. लग्नाची गडबड सोडून आईचा वेळ इथंच गेला.

हॉलच्या कोपऱ्यात कपाटावर एक जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ आहे. नुसता शोभेचा असेल असं धरून मी मागचा पुठ्ठा बघितला, तर आतली धूळ पुसलेली, एक व्हॉल्व्ह नवा. मामींनी बटण फिरवलं. अर्धा मिनिट काही नाही. मग डायलमागचा पिवळा दिवा उजळला, आत व्हॉल्व्ह तापायला लागले, बारीक गुणगुण आली आणि त्यातून आवाज वर येत गेला. मध्यम लहरींवर आकाशवाणीच्या बातम्या लागल्या. मुलीनं असा रेडिओ कधी बघितला नव्हता. व्हॉल्व्हच्या आत लाल झालेली तार बघायला ती मागच्या जाळीला नाक लावून उभी होती. तापायला वेळ का लागतो, आतल्या फिलामेंटचं काम काय, हे मी तिला समजावून सांगितलं आणि तिनं ऐकून घेतलं. ती इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेणार आहे. तिला मी पुस्तकातून जे दाखवू शकलो नसतो ते या घरानं दाखवलं.

आता गैरसोयी. त्या आहेत, आणि काही जणांना त्या मोठ्या वाटतील.

लिफ्ट नाही. जिना चिप्सचा (सिमेंटात दगडाचे बारीक तुकडे घालून घोटलेला), पायऱ्या उथळ, सागाचा गोल कठडा हाताला गुळगुळीत, तरी दुसरा मजला तो दुसरा मजला. आईचे गुडघे दुखतात, ती दिवसातून एकदाच खाली उतरायची. मामींनी पहिल्या मजल्याच्या वळणावर एक बाक ठेवलाय, तिथं बसून मग पुढं चढायचं. व्हीलचेअर लागणाऱ्यांनी इथं येऊ नये.

संडास आणि न्हाणीघर वेगवेगळे, आणि दोन्ही मागच्या पॅसेजमध्ये. बेडरूमला जोडून काही नाही. रात्री उठावं लागणाऱ्यांसाठी पॅसेजात मंद दिवा आहे, त्याला दोन्ही टोकांना टू-वे बटण. गिझर एकच. लग्नाच्या दिवशी चौघांच्या अंघोळींची रांग पहाटे चारपासून लावावी लागली.

पालिकेचं पाणी पहाटे येतं, मग गच्चीवरच्या टाकीवर दिवस काढायचा. आम्हाला कमी पडलं नाही, पण नळाची धार बारीक आहे. न्हाणीघरात तांब्याचा मोठा हंडा आणि तांब्या ठेवलाय, शॉवरपेक्षा त्यानंच बरं पडतं.

एसी फक्त मागच्या बेडरूमला. पुढच्या खोलीत रात्री उकडतं. वारा पडला की मुंबईची दमट हवा पंख्याला दाद देत नाही. खिडक्यांना डासांची जाळी नाही. जुन्या लाकडी तावदानांना खिळे ठोकायचे नाहीत म्हणून मामी मच्छरदाण्या देतात. त्या आम्ही लावल्या आणि झोप लागली. तरी चुंबकाच्या पट्टीवर बसणारी जाळी खिळ्याविना लावता येते, ती लावून घ्या असं मी त्यांना सांगितलंय. पुढची खोली रस्त्यावर आहे. पहाटे भाजीचे आणि फुलांचे टेम्पो सुरू होतात, सातनंतर हॉर्न.

ज्या संकेतस्थळावरून आम्ही बुकिंग केलं त्याच्या नकाशानं टॅक्सी भलत्याच गल्लीत नेली, आणि घराच्या सगळ्या सूचना तिथं फक्त इंग्रजीत होत्या. आईला शेगडीची आणि गिझरची सूचना वाचता आली नाही. वयस्कर माणसं घरात एकटी थांबतात, मुख्य खटका कुठला हे त्यांना आपल्या भाषेत वाचता यायला हवं. मुलीनं मामींना विचारून डीबीवर आणि गिझरपाशी मराठीत चिठ्ठ्या लिहून लावल्या. मामींनी त्या काढल्या नाहीत, उलट खाली तमिळमध्ये त्याच ओळी लिहिल्या.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. मुंबईत पागडीची (ठोक रक्कम देऊन भाडेकरूनं धरलेली) घरं खूप, आणि पागडीच्या खोलीत मालकाच्या नकळत पाहुणे ठेवले की भांडणं होतात, मधल्या मधे पाहुण्याला त्रास. ही इमारत सोसायटीची आहे आणि मामींकडे सोसायटीची लेखी परवानगी आहे. खाली वॉचमनच्या वहीत नाव लिहायचं, ओळखपत्राची प्रत द्यायची, रात्री साडेदहानंतर जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात थांबून आमच्या लग्नाची चौकशी केली.

आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरलो होतो, आणि घराचा ताबा दुपारी एकला. मामींनी सामान आत घ्यायला लावलं, त्यांच्याकडे अंघोळी करू दिल्या आणि डबऱ्यातून (पेल्याखालच्या दक्षिणी वाटीतून) कॉफी दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

जेवणाचं सांगायला नको, माटुंगा त्यासाठीच ओळखला जातो. स्टेशनजवळ रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवलो. ते १९४२ पासून चालू आहे. रविवारी रांग मोठी असते, साडेअकराला जाऊन उभं राहा. बायकोनं लग्नाचे गजरे स्टेशनबाहेरच्या फुलवाल्यांकडून घेतले. दक्षिणी पद्धतीनं घट्ट गुंफलेली मोगऱ्याची लांब माळ हातानं मोजून कापून देतात, रात्री रिसेप्शनपर्यंत एक कळी गळाली नाही. माटुंगा स्टेशनवर फक्त धीम्या लोकल थांबतात हे लक्षात ठेवा. लग्नाचं सामान घेऊन गाडी बदलायला दादरचा जिना चढण्यापेक्षा टॅक्सी बरी.

भाडं कमी नाही. पण चौघांत वाटलं आणि दोन वेळचा चहा-नाश्ता घरी केला तर त्या भागातल्या हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा कमी पडतं. पाच जणांनी राहायचं तर हॉलमधला दिवाण रुंद आहे, एक माणूस आरामात झोपतो. गणपतीत किंग्ज सर्कलला जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीसाठी प्रचंड गर्दी असते, त्या दिवसांत घर हवं असेल तर बरंच आधी विचारा आणि गाडी आणू नका. एरवीही इमारतीत पाहुण्यांच्या गाडीला जागा नाही.

मागची एसीची खोली वडीलधाऱ्यांना द्या, पुढची तरुणांना. गिझर लावून ठेवून बाहेर जाऊ नका. बुकिंग झालं की मामींना फोन करून आपली गाडी किती वाजता पोचते ते सांगा, त्या मराठी छान बोलतात.